कळी सोलणारीचं नाव

(पुलगाव येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



परागीभवन हा शब्द मी शाळेत पाठ केला होता. तो समजला मात्र पुष्कळ वर्षांनी, संकरित कपाशीच्या बीजोत्पादनाच्या शेतात.

तिथे बाया दुपारनंतर उद्या उमलणारी कळी हेरतात. अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढतात, वर लाल कागदाची टोपी घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून नर-वाणाचं फूल तिच्यावर फिरवायचं. ह्याला त्या 'क्रॉसिंग' म्हणतात. "नख खोल गेलं तं बोंड गयते, ताई," एकीने मला बजावलं.

सुरतच्या डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये 'एच-४' हा लागवडीसाठीचा पहिला संकरित कापूस दिला. शोध मोठाच होता. पण तो शेतोशेती पोचला तो ह्या बायांच्या, आणि सांगायला लाज वाटते, शाळा सुटलेल्या मुलींच्या बोटांवर. मजुरीच्या वहीत त्याला 'हलकं काम' म्हणतात!

संकरित बियाणं दरवर्षी विकतच घ्यावं लागतं. घरचं पेरलं तर गुण टिकत नाहीत. स्वातंत्र्याच्या वेळी देशात बहुतेक कापूस देशी होता. आज तो शोधावा लागतो. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ देशी वाण आणि कापसाचे रानटी भाऊबंद जपतात. मधमाशीने परका पराग आणू नये म्हणून फूल उमलण्याआधीच बांधून टाकतात. पण शीतगृहातलं बी शेतातही राहायला हवं, आणि ते राहिलं तर बायांच्या गाडग्यांत. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना त्याच कामासाठी २०२० ची पद्मश्री मिळाली.

आता कायद्याचं, नीट ऐका. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा. त्यात शेतकरी म्हणजे फक्त जमीन कसणारा नाही. पारंपरिक वाण एकट्याने किंवा इतरांसोबत जतन करणारी व्यक्तीही शेतकरीच. म्हणजे सातबारा नवऱ्याच्या नावावर असला तरी सरकी निवडून ठेवणारी तुम्ही ह्या कायद्यापुरत्या शेतकरी आहात. जपलेल्या वाणाची नोंदणी करता येते. अर्जावर नाव मात्र बहुधा घरच्या पुरुषाचं पडतं, कारण सही त्याची सवयीची.

पुढच्या बैठकीला कोणाकडे गावरान सरकी असेल तर मूठभर आणा. पुडीवर ती निवडणाऱ्या बाईचं नाव लिहा. सासूने निवडली असेल तर सासूचं.