फाटकाबाहेरचा माणूस
(शरद व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत विषय छापलाय, ‘व्यसनमुक्त उद्योग : मालकाची जबाबदारी’. विषय संयोजकांनी दिला, मी हो म्हटलं, आणि आता जे बोलणार आहे ते ऐकल्यावर पुढच्या वर्षी मला बोलावतील की नाही, शंकाच आहे. (हशा) अध्यक्षस्थानी छातीच्या विकारांचे डॉक्टर आहेत. तंबाखूबद्दल ते जे बोलले, त्यातल्या एका अक्षराला माझा विरोध नाही. तंबाखू वाईट, विडी वाईट, सिगारेट वाईट. यावर टाळ्या वाजवायच्या असतील तर आत्ताच वाजवून घ्या, पुढे संधी मिळेलच असं नाही.

मी उभी हयात कामगार न्यायालयात काढली, तीही कामगारांच्या बाजूने. तेव्हा तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका. माझं म्हणणं एका ओळीचं आहे : ज्या तासाचा पगार, त्याच तासाचा अधिकार. बाकी सगळं भाषण या ओळीची वकिली.

कारखान्याच्या आवारात ओढू नका, हे मान्य. सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचे नियम २००८ पासून आहेत. रसायनांच्या टाकीशेजारी काडी पेटवणाऱ्याचं वकीलपत्र मीही घेतलं नसतं. १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा, गैरवर्तनाची यादी, हे सगळं समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. निम्म्यांनी त्याखाली मेमो दिलेत आणि निम्म्यांनी घेतलेत. (हशा) त्यामुळे ते सोडून देतो. प्रश्न भोंगा वाजल्यानंतरचा आहे. पाळी सुटली, कार्ड पंच झालं, माणूस फाटकाबाहेर पडला. आता त्याच्या ओठात काय आहे, हे विचारणारा मालक कोण?

यासाठी एक गोष्ट दोन मिनिटांत सांगतो. हेन्री फोर्ड.

जानेवारी १९१४. फोर्डने डेट्रॉइटजवळच्या कारखान्यात रोजी जाहीर केली पाच डॉलर, आणि कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला. जगभर वाहवा झाली. कारण व्यवहाराचं होतं : त्याच्या मोटारींच्या सरकत्या पट्ट्यावर माणूस टिकत नव्हता. १९१३ साली कामगार सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं. म्हणजे एका जागेवर वर्षाला तिघे-चौघे येऊन जायचे.

पण पाच डॉलर हा सगळा पगार नव्हता. पगार होता सुमारे २.३४ डॉलर. वरचा भाग ‘नफ्यातला वाटा’, आणि तो मिळायचा चालचलणूक पाहून. ती पाहायला फोर्डने खातंच उघडलं, सोशिऑलॉजिकल डिपार्टमेंट. तपासनीस घरी यायचा. कामगार परदेशातून आलेला असला तर बरोबर दुभाषा. लग्न झालंय का? बायको हीच का? घर भाड्याचं की स्वतःचं? कर्ज किती? बँकेचं पुस्तक दाखवा. दारू पिता का? नवऱ्याच्या उत्तरावर भागलं नाही तर शेजाऱ्याला विचारायचं. घरात पोटभाडेकरू ठेवलेले तर बिलकूल चालायचे नाहीत. हा तपासनीस आपल्या लालबाग-परळला आला असता तर काय झालं असतं? एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे गावाकडचे गाळेकरी, दारात खाणावळीचे डबे. तो दमून जिन्यातच बसला असता आणि कुणीतरी त्याला चहा पाजला असता. (हशा)

तपासात नापास झालात तर वाटा थांबायचा. सुधारायला मुदत. तेवढ्यात सुधारला नाहीत तर घरी. आणि पाच डॉलर जाहीर केले त्याच महिन्यात आठ-नऊशे ग्रीक आणि रशियन कामगारांना काढून टाकलं. कशासाठी? त्यांचा नाताळ जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीत यायचा, म्हणून ते कामावर आले नाहीत. अनंत चतुर्दशीला दांडी मारणाऱ्यांनो, हात वर करू नका, मी मोजत नाहीये.

दोन मिनिटं झाली का? अजून झाली नाहीत. बरं.

फोर्डला सिगारेटचा भारी राग. त्याने १९१४ साली सिगारेटविरोधी पुस्तिकाच छापून वाटली आणि तिच्यात थॉमस एडिसनचं पत्र घातलं. दिव्याचा एडिसन, तोच. सिगारेटच्या जळत्या कागदातून मेंदूचं नुकसान करणारं द्रव्य निघतं, असं त्याचं म्हणणं, आणि म्हणून सिगारेट ओढणारा माणूस मी कामावर ठेवत नाही, हे त्याने त्यात बजावलं होतं. उत्तम. आता पुढचं ऐका. एडिसन स्वतः चिरूट ओढायचा आणि तंबाखू चघळायचा! (हशा) कारण चिरूट साहेबाचा, सिगारेट पोराटोरांची. व्यसन कुठलं वाईट, हे पगार देणारा ठरवतो, आणि त्याचं स्वतःचं त्या यादीत सहसा नसतं. पार्टीत ग्लास हातात धरून तंबाखूमुक्तीवर बोलणारे व्यवस्थापक मी पाहिलेत. नावं विचारू नका, एकदोघं आत्ता सभागृहात असतील.

फोर्डच्या त्या खात्याचा प्रमुख झालेला सॅम्युअल मार्क्विस धर्मगुरू होता, कामगारांचं खरोखर भलं व्हावं अशा इच्छेने आलेला. १९२१ साली तोही बाहेर पडला आणि पुढे त्याने फोर्डवर टीका करणारं पुस्तक लिहिलं. ते खातंही गुंडाळलं गेलं. पुढे त्याच कंपनीत हॅरी बेनेट नावाच्या माणसाचं ‘सर्व्हिस डिपार्टमेंट’ आलं. त्याचं काम कामगारांवर नजर ठेवणं, विशेषतः युनियन कोण बांधतंय यावर. २६ मे १९३७ रोजी रिव्हर रूज कारखान्याबाहेरच्या पुलावर युनियनची पत्रकं वाटायला आलेल्यांना त्याच्या माणसांनी बेदम मारलं. युनियनचा नेता वॉल्टर रूथर त्यांत होता. बेनेटची माणसं वेगळी, मार्क्विसची वेगळी, कबूल. पण घरापर्यंत डोकावायची सवय कंपनीला आधीच लागलेली होती. भल्यासाठी उघडलेली वही बंद होत नाही मंडळी, फक्त तिचे रकाने बदलतात.

हे अमेरिकेचं झालं म्हणू नका. आपल्या एका औद्योगिक वसाहतीतला कारखाना, नाव घेत नाही. ‘तंबाखूमुक्त’ असा फलक लागला. फाटकावर खिसे तपासायला लागले, चुन्याच्या डब्या जप्त. चला, आवार त्यांचं. मग वॉचमनला लाल पाठीची वही दिली. रस्त्यापलीकडच्या टपरीवर पाळी सुटल्यावर कोण उभं राहतं, ते टिपायचं. त्यावरून एकाला निलंबित केलं. खातेनिहाय चौकशीत मी त्याच्या बाजूने बसलो. वही समोर आली. रकाने चार : तारीख, पाळी, नाव, शेरा. एक शेरा होता, ‘एकाने विडी, दोघे नुसते बोलत होते.’ मी वॉचमनला विचारलं, बाबा रे, नुसते बोलणारे कशाला लिहिले? तो सरळ माणूस. म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, कोण कुणाशी बोलतं तेही लिहायचं. चौकशी अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. त्या वर्षी तिथे युनियन उभी राहत होती, हे वेगळं सांगायला नको.

डॉक्टर मान हलवतायत, आणि ती होकाराची नाही, हे मला इथून दिसतंय. त्यांचा आक्षेप मी ओळखतो : नोकरी जाईल या धाकाने का होईना, माणूस सोडतो ना? सोडतो. काही जण नक्की सोडतात. धाकाने बऱ्याच गोष्टी होतात. पण उद्या त्याच धाकाने मालक म्हणेल, लग्न करू नका. तुम्ही हसताय. मुंबईतल्या एका औषध कंपनीच्या पॅकिंग विभागात मुलीचं लग्न झालं की नोकरी संपायची. कंपनीचं म्हणणं, लग्न झालेल्या बायका जास्त रजा घेतात. बॉम्बे लेबर युनियन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तेव्हा १९६५ साली ती अट रद्द झाली. एअर इंडियात हवाई सुंदरीने पहिल्या चार वर्षांत लग्न केलं की नोकरी गेली, पहिलं गरोदरपण आलं की नोकरी गेली. १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात न्यायालयाने गरोदरपणाची अट मोडीत काढली, लग्नाची मात्र राहू दिली! फुप्फुसाची चावी मालकाला दिलीत की बाकीच्या खोल्याही तो उघडून बघतो.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे.’ फोर्डने खाल्ली माझी वेळ. आता पळत सांगतो.

खर्चाचा मुद्दा. अमेरिकेत कामगाराच्या आरोग्यविम्याचा मोठा भार मालकावर असतो, म्हणून मिशिगनमधल्या वेको कंपनीने २००५ साली निकोटीनची चाचणी नाकारणाऱ्यांना घरी पाठवलं आणि पुढे कामगारांच्या जोडीदारांपर्यंत गेली. पुन्हा मिशिगन, फोर्डचंच राज्य. आपल्याकडे राज्य विमा योजनेत मालक भरतो पगाराच्या ३.२५ टक्के, कामगार ०.७५ टक्के. विडी ओढणाऱ्याचे जास्त नाहीत, माळकऱ्याचे कमी नाहीत. मग त्या कामगाराच्या विडीने मालकाच्या वर्गणीत कुठली भर पडली?

वैमानिकाचं काय? हा प्रश्न दर वेळी येतो. उड्डाणाआधी बारा तास मद्य नाही, हा नियम मला शंभर टक्के मान्य. एसटीच्या चालकालाही तेच. कारण रात्रीची दारू सकाळी त्याच्या हातात उतरते, मागे माणसं बसलेली असतात. तिथे बाहेरची गोष्ट आतल्या कामाला धोका देते, आणि तो धोका श्वासाच्या चाचणीत फाटकावरच कळतो. घरी तपासनीस पाठवावा लागत नाही. १९८३ च्या ग्लॅक्सो खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं : स्थायी आदेशात ‘आवारात किंवा आवारालगत’ म्हटलंय ना, मग मालकाचा हात तिथपर्यंतच.

मालकाने काही करूच नये का? भरपूर करावं. कामाच्या वेळेत, पगारी वेळेत, तोंडाची तपासणी ठेवा. सोडू पाहणाऱ्याला समुपदेशन द्या, औषध द्या. मात्र यादी डॉक्टरकडे राहू द्या, पर्सोनेलकडे नको. हल्ली पावलं मोजणारं घड्याळ कंपनी फुकट देते. घाला, पण त्या पावलांचा हिशेब कुठल्या टेबलावर जातो, ते विचारून घाला.

आणि सुधारणा आतून येतात. १८८० साली पुण्यात दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेत आवाज उठवला तो जोतीरावांनी, कुठल्या गिरणीमालकाने नाही. त्यांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या रविवारच्या सुट्टीसाठी सहा-सात वर्षं झगडले, १० जून १८९० ला ती मिळाली. तो रविवार कामगाराचा होता. त्याने त्यात भजन म्हणावं की झोपावं, हे लोखंड्यांनी मालकांना ठरवू दिलं नाही.

दुसरी चिठ्ठी. ही वेळेची नाही, प्रश्न आहे : ‘आमच्या सोसायटीचा वॉचमन रात्री केबिनमध्ये विडी ओढतो. सभेत दंडाचा ठराव येतोय. आपले मत?’

वा! म्हणजे इथे कामगारांपेक्षा मालक जास्त बसलेत. (हशा, काही आवाज) नाही, रागावू नका, प्रश्न चांगला आहे. माझं मत विचारलंय, तर ऐका. ड्युटीवर असेल तर अडवा, अधिकार आहे तुमचा. पण तो राहतो कुठे? बहुतेक ठिकाणी त्याच केबिनमध्ये. स्टोव्ह तिथेच, वळकटी तिथेच, पार्किंगमधल्या नळावर अंघोळ. त्याची पाळी सुटते किती वाजता? ठाऊक आहे कुणाला? ज्या तासाचा पगार त्या तासाचा अधिकार म्हणतो मी, तर आधी पगाराचे तास मोजा. चोवीस तास तो तुमच्या फाटकात असेल आणि पगार बारा तासांचा असेल, तर उरलेल्या बारा तासांतली विडी त्याची आहे, आणि ती दुसरीकडे कुठे जाऊन ओढायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. त्या सभेत विडीचा ठराव जरूर घ्या. फक्त त्याच्या आधीचा विषय म्हणून एक ओळ लिहा : वॉचमनच्या कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी आणि झोपायची जागा. तो मंजूर झाला तर विडीच्या ठरावाला माझाही पाठिंबा.