ॲलर्जीचे इंजेक्शन : एक नाव, दोन औषधे



श्रावण सरत आला की परभणी ते मानवत या पट्ट्यात सोयाबीन शेंगांवर येते, कापूस पाते धरू लागतो आणि त्याच सुमारास पेडगावसारख्या गावात घराघरांतून शिंका ऐकू येऊ लागतात. ताप नाही, अंगदुखी नाही, घसा धरलेला नाही. तरीही सकाळी उठल्याबरोबर सलग दहा-पंधरा शिंका, पाण्यासारखे वाहणारे नाक, डोळ्यांची आणि टाळूची खाज. कित्येकांना पुढे रात्री छातीत शिट्टी वाजू लागते. वर्षानुवर्षे ठराविक महिन्यांत येणारा आणि ठराविक महिन्यांत जाणारा हा त्रास सर्दी नव्हे, ॲलर्जी आहे, एवढे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. रुग्ण जवळच्या दवाखान्यात जातो आणि स्वतःच सांगतो, ‘डॉक्टर, ॲलर्जीचे इंजेक्शन द्या.’

गोंधळ येथूनच सुरू होतो. या एका नावाखाली दोन सर्वस्वी भिन्न औषधे समाजात वावरत आहेत. एक दुसऱ्या दिवशी आराम देते. दुसरे तीन वर्षे घ्यावे लागते. एक शरीराची प्रतिक्रिया काही काळ दाबून टाकते. दुसरे शरीराला ती प्रतिक्रिया न देण्याची सवय लावते. गावात ज्याला हे नाव आहे ते बहुधा पहिले असते, आणि त्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे.

पहिले औषध म्हणजे स्टिरॉइड. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा स्नायूत दिल्यावर कित्येक आठवडे अंमल टिकविणारे ट्रायमसिनोलोन. ही औषधे वाईट नाहीत. दम्याचा तीव्र झटका आलेल्या रुग्णाला स्टिरॉइडने जीवदान मिळते, हे कोणीही नाकारणार नाही. प्रश्न आहे तो केवळ शिंका थांबविण्यासाठी दर हंगामात दोन-तीन वेळा, नोंद न ठेवता, ते कमरेत टोचून घेण्याचा. अशा वारंवार वापराने रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर उतरू शकतो, खुब्याच्या सांध्याचा रक्तपुरवठा बिघडू शकतो आणि शरीराची स्वतःची स्टिरॉइडनिर्मिती मंदावते. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत तर हा धोका फार जवळचा आहे. गंमत अशी की, हेच रुग्ण नाकात मारावयाच्या फवाऱ्यात स्टिरॉइड आहे असे ऐकले की घाबरतात. वस्तुतः त्या फवाऱ्यातील मात्रा अत्यल्प असते, ती प्रामुख्याने नाकाच्या अस्तरावरच काम करते आणि हंगामी ॲलर्जीवर तो जगभर पहिल्या पसंतीचा उपचार मानला जातो. घाबरावयाचे तेथे निर्धास्त आणि निर्धास्त राहावयाचे तेथे भयभीत, अशी ही उलटी तऱ्हा आहे.

दुसऱ्या औषधाचा इतिहास शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. ॲलर्जी हा शब्द व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्केट यांनी १९०६ साली रूढ केला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९११ मध्ये, लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क अगदी सूक्ष्म मात्रेपासून वाढवीत रुग्णांना टोचला. हंगाम आल्यावर त्यांचा त्रास कमी झालेला दिसला. परागात एखादे विष असावे आणि आपण त्यावर लस देत आहोत, अशी नून यांची समजूत होती. ती समजूत चुकीची होती. उपचार मात्र उपयोगी ठरला. नून १९१३ मध्ये क्षयाने वारले आणि त्यांचे सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे चालविले. हा उपचार नेमका कसा साधतो, हे उलगडायला पुढे अर्धशतकाहून अधिक काळ गेला. ॲलर्जीच्या मुळाशी असलेले आयजीई हे प्रतिपिंड १९६६-६७ मध्ये ओळखले गेले. ज्या पदार्थाविरुद्ध हे प्रतिपिंड तयार होतात तोच पदार्थ वाढत्या मात्रेत मिळत राहिला, की शरीर आयजीजी प्रकारचे अडविणारे प्रतिपिंड घडविते आणि प्रतिक्रियेला आवर घालणाऱ्या पेशी वाढतात. यालाच इम्युनोथेरपी म्हणतात.

पेडगावच्या परिसरात ही प्रतिक्रिया कशाविरुद्ध उठते? कारणे अनेक आहेत. ज्वारीच्या व सोयाबीनच्या मळणीची धूळ आहे, ओलसर भिंतीवरील बुरशी आहे, अंथरुणातील सूक्ष्म किडे आहेत. परंतु भाद्रपदापासून दिवाळीपर्यंतच्या त्रासात ज्याचा विचार प्रथम करावा लागतो, ते गाजर गवत होय. मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील हे तण पुण्यात आढळल्याची शास्त्रीय नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेच्या पी.एल. ४८० योजनेतील गव्हाबरोबर ते आले, असे सर्वत्र सांगितले जाते आणि त्यावरूनच ‘काँग्रेस गवत’ हे नाव पडले, असेही म्हणतात. कोणी त्या नावाचे कारण पांढऱ्या टोपीसारख्या फुलात शोधतात. मात्र भारतातील अस्तित्वाच्या त्याहून जुन्या वनस्पतिशास्त्रीय नोंदीही आहेत. तेव्हा गव्हाची कथा अर्धी खरी मानावी आणि नावावरून राजकारण करण्यापेक्षा मुळावर हात घालावा, हे बरे. एक रोप हजारो बिया टाकते, उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात फुलावर येते आणि ओलावा मिळाला तर बारमाही फुलत राहते. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने परभणी जिल्ह्यातील शेतीला पाणी दिले. त्या ओलीवर पांदी, बांध आणि चाऱ्यांच्या कडेला हे तणही हिवाळ्यात हिरवे राहते.

या वनस्पतीचे दोन आजार आहेत आणि ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला त्वचेचा. तिच्यातील पार्थेनिन हे रसायन लागून चेहरा, मान, कोपराची खळगी, पापण्या येथे खाज सुटते, कातडी जाड व काळी पडते. पुण्यातून लोणकर व जोग या डॉक्टरांनी अशा रुग्णाची नोंद १९६८ मध्येच प्रसिद्ध केली होती. निंदणी करणाऱ्या स्त्रिया आणि शेतकरी यांना हा त्रास अधिक. दुसरा आजार नाकाचा व श्वासाचा. तो परागकणांमुळे होतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत त्या शहरातील सुमारे ७ टक्के लोकांना या परागांमुळे नाकाची ॲलर्जी असल्याचे आढळले. त्वचेचा आजार आयजीईमुळे होत नाही, तो पेशींच्या संथ प्रतिक्रियेमुळे होतो. म्हणून नाकासाठी दिली जाणारी परागाची इंजेक्शने त्वचेच्या या आजारावरचा प्रस्थापित उपचार नव्हेत. काळवंडलेल्या मानेवर ‘ॲलर्जीचा कोर्स’ म्हणून अशी इंजेक्शने कोणी सुचविली, तर त्वचारोगतज्ज्ञांचे दुसरे मत अवश्य घ्यावे.

नाकाच्या बाबतीतही प्रत्येकाला हा उपचार लागत नाही. गोळ्या व फवारा यांनी ज्याचा हंगाम सुसह्य जातो त्याने तेथेच थांबावे. कोमट, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुणे, म्हणजेच जलनेती, हा घरचा उपायही परागकण धुऊन काढण्यास हातभार लावतो. ज्यांचा त्रास एवढ्याने आटोक्यात येत नाही किंवा जे वर्षातील बरेच महिने औषधांवरच असतात, त्यांनी त्वचेवरील टोचणी-चाचणी करून घ्यावी. चाचणीपूर्वी डॉक्टर सांगतील तितके दिवस, साधारणतः आठवडाभर, ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. चाचणीत फोड उठला म्हणजे आजार सिद्ध झाला, असेही नाही. ज्या पदार्थाला चाचणी होकार देते आणि ज्या पदार्थाच्या हंगामात प्रत्यक्ष त्रास होतो, ते दोन्ही जुळले तरच इंजेक्शनाला अर्थ आहे. शंभर पदार्थांची यादी असलेले महागडे रक्ततपासणीचे कागद दाखवून वांगी, दही, डाळ बंद करणाऱ्यांपासून मध्यमवर्गीय कुटुंबांनी विशेष सावध राहावे.

इंजेक्शने सुरू करावयाची तर हिशेब आधी मांडावा. पहिले तीन-चार महिने दर आठवड्याला वाढती मात्रा, नंतर महिन्यातून एकदा ठरलेली मात्रा, असे किमान तीन वर्षे, बहुधा तीन ते पाच. तीन वर्षांचा विचार केला तरी पेडगावहून तज्ज्ञापर्यंत सुमारे पन्नास खेपा होतात. रोजंदारीवर असलेल्या घराला पन्नास दिवसांची मजुरी ही किरकोळ गोष्ट नव्हे. सहा महिन्यांत बरे वाटले म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात. त्यांचा पैसा आणि वेळ बहुतांशी वाया जातो, कारण उपचार थांबल्यावरही टिकणारा लाभ पूर्ण मुदतीनंतरच अपेक्षित असतो.

खेपा वाचविण्यासाठी बाटली घरी आणून गावातच कोणाकडून तरी टोचून घेण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे. हा अर्क २ ते ८ अंश तापमानात ठेवावा लागतो आणि वीज गेलेल्या घरातील फ्रीजवर त्याची भिस्त ठेवता येत नाही. त्याहून गंभीर बाब म्हणजे, ज्याची ॲलर्जी आहे तोच पदार्थ शरीरात जात असल्याने क्वचित सर्वांगाला प्रतिक्रिया येते: अंगावर गांधी, घशाला सूज, धाप, रक्तदाब कोसळणे. ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने १९८६ साली १९५७ पासूनच्या अशा २६ मृत्यूंची नोंद जाहीर केली, तेव्हा तेथे या उपचारावर कडक बंधने आली. म्हणून प्रत्येक इंजेक्शनानंतर किमान अर्धा तास दवाखान्यात थांबणे आणि तेथे ॲड्रेनॅलिन हाताशी असणे, या दोन अटींवर तडजोड नाही. दमा आटोक्यात नसेल तर उपचार सुरूच करू नये. गर्भारपणात नव्याने सुरू करू नये. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर ते आधी सांगावे. जिभेखाली घ्यावयाचे थेंब अधिक सुरक्षित आहेत व पहिल्या मात्रेनंतर घरी घेता येतात. तथापि गाजर गवतासाठी त्यांचा पुरावा धुळीतील किडे किंवा युरोपीय गवते यांच्याइतका भक्कम नाही.

इतका खटाटोप एका व्यक्तीच्या नाकासाठी करावयाचा, आणि परागाचे कोठार मात्र शाळेच्या कुंपणाशी तसेच उभे ठेवावयाचे, हे विसंगत आहे. स्पेनमधील बार्सिलोना शहरात १९८१ ते १९८७ या काळात एकाएकी शेकडो लोक दम्याने रुग्णालयात धावत. शोध घेता कारण निघाले बंदरात उतरविल्या जाणाऱ्या सोयाबीनची धूळ. कोठारांना गाळण्या बसविल्यावर त्या साथी थांबल्या. प्रत्येक नागरिकाला इंजेक्शन देण्याची वेळ आली नाही.

पेडगावला गाळणी बसविता येत नाही, पण फुलण्याआधी उपटता येते. जून-जुलैत, जमीन ओली असताना, मुळासकट. फुलावर आल्यावर उपटणे म्हणजे पराग अंगावर घेणे आणि बिया पसरविणे. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकावर रुमाल आवश्यक. ज्याला दमा वा त्वचेचा त्रास आहे त्याला श्रमदानात या कामावर कधीही लावू नये, त्याने पाणी वाटावे. उपटलेली, न फुललेली रोपे कंपोस्टच्या खड्ड्यात जिरतात. मोकळ्या जागी तरोट्याचे बी टाकले तर तो गाजर गवताला वर येऊ देत नाही. शिवाय मेक्सिकन भुंगा आहे. १९८३ मध्ये मेक्सिकोहून भारतात आणलेला हा कीटक १९८४ पासून बंगळुरू परिसरात सोडण्यात आला. पुढे तो सूर्यफुलावर दिसल्याने बरीच ओरड झाली, परंतु तपासणीअंती पिकाला त्याचा मोठा धोका नसल्याचे ठरले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांना हे भुंगे पुरविण्याचे काम केले आहे. पावसाळ्यातच तो पाने खातो, एरवी जमिनीत सुप्त पडून राहतो. म्हणून मागणी जुलैपूर्वी नोंदवावी. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताह देशभर पाळला जातो. मराठवाड्यात पाऊस वेळेवर आला तर त्या तारखांना पहिली रोपे फुलावर आलेली असतात. पेडगावने आपला सप्ताह महिनाभर आधी धरावा.