वजनकाटा जे सांगत नाही

शरीराचे वजन ही चरबी, स्नायू, हाडे, पाणी आणि आतड्यातील अन्न यांची बेरीज असते. काटा बेरीज दाखवतो. तिच्यातले नेमके काय वाढले, हे त्याच्याकडून कळत नाही. खाणे तेच, कामाचा रगाडा तोच, तरी वजन वाढत आहे, अशी तक्रार असेल तर किती वाढले याच्याही आधी किती दिवसांत वाढले हे विचारावे लागते.

एक किलो चरबी साठायला सुमारे 7,700 किलोकॅलरी जास्तीच्या लागतात. आठवड्यात तीन किलो चरबी चढायची, तर रोजच्या जेवणावर आणखी 3,300 किलोकॅलरी पोटात जायला हव्यात. म्हणजे एका माणसाने जवळजवळ अडीच माणसांचे जेवायला हवे. तसे झालेले नसेल, तर वाढलेले वजन बहुधा पाण्याचे असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. हृदयाची ताकद कमी झाली, मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जाऊ लागली किंवा यकृत निकामी होत चालले, की पाणी अंगात साचते. नडगीवर बोटाने दाबले तर खड्डा राहतो, सकाळी डोळ्यांभोवती सूज दिसते, आडवे पडले की धाप लागते. हृदयविकाराच्या रुग्णाला रोज सकाळी लघवीनंतर आणि चहा-नाश्त्याआधी वजन करून ते लिहून ठेवायला सांगतात, ते यासाठीच. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे लागते.

हातपाय बारीकच राहून एकटे पोट वाढत असेल, तर जलोदर किंवा बीजांडकोशाची गाठ नाही ना, हे पाहणे भाग असते. चाळिशी-पन्नाशीतल्या बाईचे पोट ‘सुटले’ असे घरचे म्हणतात, तीही तेच मानते आणि सोनोग्राफी लांबते. बीजांडकोशाच्या कर्करोगात या उशिराची किंमत फार मोठी असते.

महिनोन् महिने हळूहळू वाढलेल्या वजनात पहिला संशय थायरॉईडवर जातो. या ग्रंथीचे काम मंदावले की थकवा, थंडी सहन न होणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, केस गळणे, पाळीत जास्त रक्तस्राव अशी लक्षणे दिसतात. त्यांपैकी काही असतील, तर टीएसएच ही रक्ततपासणी करावीच. मात्र वजनाचा जेवढा दोष थायरॉईडला दिला जातो, तेवढा त्याचा नसतो. एकट्या थायरॉईडमुळे वाढणारे वजन साधारण दोन ते पाच किलो असते आणि त्यातही क्षार व पाणी यांचा वाटा मोठा असतो. पंधरा-वीस किलोंचा हिशेब त्यातून लागत नाही. उलट लठ्ठपणामुळेच टीएसएच किंचित वाढलेला दिसू शकतो. वजन उतरावे म्हणून थायरॉईडची गोळी गरजेपेक्षा जास्त घेणे घातक आहे. त्याने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक तयार करतात. ते दीर्घकाळ जास्त राहिले की शरीराचा आकारच बदलतो. अमेरिकन मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी 1912 साली अशा एका 23 वर्षांच्या तरुणीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि 1932 साली या विकाराचा संबंध मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतील छोट्या गाठीशी जोडला. विकाराला त्यांचेच नाव मिळाले. त्यात चेहरा गोल व लालसर होतो, मानेमागे चरबीचा उंचवटा येतो, पोट सुटते. पण हात आणि मांड्या मात्र वाळत जातात. पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे उमटतात, जरा लागले तरी त्वचा काळीनिळी पडते, जमिनीवर बसलेल्या माणसाला आधाराशिवाय उठता येत नाही. सोबत रक्तदाब आणि साखर चढते. साध्या लठ्ठपणात माणसाची ताकद अशी जात नाही. हाच फरक ओळखायचा. निदानासाठी रात्री डेक्सामेथासोनची एक मिलिग्रॅमची गोळी देऊन सकाळी रक्तातले कॉर्टिसॉल मोजतात. निरोगी शरीरात ते जवळजवळ दबून जाते.

गाठीमुळे होणारा हा विकार दुर्मीळ आहे. बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडमुळे, म्हणजे कॉर्टिसॉलसारखेच काम करणाऱ्या औषधामुळे, होणारा तसाच विकार मात्र दुर्मीळ नाही, आणि अनाकलनीय वजनवाढीचे सर्वांत लपलेले कारण तोच आहे. 1948 साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिले. जागेला खिळलेली ती स्त्री चालू लागली आणि 1950 साली या कामाला नोबेल पारितोषिक मिळाले. दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे काही आजार यांत स्टेरॉइडने असंख्य जीव वाचवले आहेत. धोका आहे तो नकळत पोटात जाणाऱ्या स्टेरॉइडचा. गुडघेदुखीवर, दम्यावर किंवा ‘अंग भरण्यासाठी’ बिनलेबलाच्या पुड्या मिळतात. काहींचा गुण दोन दिवसांत येतो, भूक सपाटून लागते, चेहरा भरतो आणि घरात त्याचे कौतुक होते. असे औषध जडीबुटीचे म्हणून दिले, तरी त्यात डेक्सामेथासोन मिसळलेले आढळल्याच्या नोंदी आहेत. गोरे दिसण्यासाठी किंवा गजकर्णावर महिनोन् महिने चोळलेल्या तीव्र स्टेरॉइड मलमातूनही औषध रक्तात उतरते. अशा रुग्णाचे रूप कॉर्टिसॉल ओसंडून वाहत असल्यासारखे दिसते, पण तपासणीत सकाळचे कॉर्टिसॉल बहुतेकदा अगदी कमी येते. कारण बाहेरच्या औषधामुळे शरीराची स्वतःची ग्रंथी झोपी गेलेली असते. म्हणूनच असे औषध एकाएकी बंद करू नये. तसे केल्यास उलट्या होऊन रक्तदाब कोसळू शकतो, प्रसंगी जीव जातो. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते.

रीतसर लिहून दिलेली औषधेही वजन वाढवतात आणि ते रुग्णाला आधी सांगितले जातेच असे नाही. मानसिक आजारांवरची ओलान्झापिन आणि क्लोझापिन यांत आघाडीवर आहेत. फेफऱ्यावरील व्हॅल्प्रोएट, नसांच्या दुखण्यावरील प्रीगॅबालिन, अर्धशिशीवरील फ्लुनारिझिन, रक्तदाबावरील काही जुने बीटाब्लॉकर आणि भूक वाढवण्यासाठी मुलांना देतात ते सायप्रोहेप्टाडिनचे सिरप, यांचाही हाच गुणधर्म. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या गर्भनिरोधक इंजेक्शनाने काही स्त्रियांचे वजन वाढते. मधुमेहात इन्सुलिन सुरू झाले की आधी लघवीवाटे वाया जाणारी साखर अंगी लागू लागते. त्यात साखर उतरण्याच्या भीतीने माणूस अधूनमधून खात राहतो. यांपैकी बऱ्याच औषधांना पर्याय असतात; तो बदल मात्र डॉक्टरांनीच करायचा.

अनियमित पाळी, हनुवटीवर राठ केस, मुरमे आणि वाढते वजन हे एकत्र दिसले की पीसीओएस या विकाराचा विचार करतात. स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी तो 1935 साली वर्णिला. इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, हे त्याच्या मुळाशी बहुधा असते. झोपेत मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडकणे आणि दिवसा पेंगणे हे लठ्ठपणाचे परिणाम आहेत, तसे तो वाढवणारेही आहेत. अपुऱ्या झोपेने भूक वाढते. सिगारेट सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतात. तरीही सोडण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा असतो.

मुलांच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. केवळ जास्त खाऊन जाड झालेले मूल सहसा उंचीनेही पुढे असते. वजन वाढते आणि उंची थांबते, तेव्हा संप्रेरकांचा विकार शोधावाच लागतो.

काट्यावरचा आकडा ठीक असला तरी चरबी जास्त असू शकते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे दिली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) 22.3, युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या 21.2 टक्के. चरबीतल्या अशा फरकामुळेच भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा बीएमआय 25 ऐवजी 23 वर धरतात आणि पुरुषाची कंबर 90, स्त्रीची 80 सेंटिमीटरच्या आत असावी, असे सांगतात.

वजन का वाढले हे कळत नसेल, तर उपासतापास सुरू करण्याआधी डॉक्टरांकडे जावे आणि जाताना घरातली सगळी औषधे एका पिशवीत घालून न्यावीत: गोळ्यांची पाकिटे, मलमे, टॉनिके आणि कोणी विश्वासाने दिलेल्या बिननावाच्या पुड्यासुद्धा.