पडद्यावरची तारामती

मागच्या बैठकीत एकीनं विचारलं, पोरीला शाळेच्या नाटकात काम करू द्यावं का? घरचे नाही म्हणतात. तिच्यासाठी आज हे सांगते.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला एकही बाई मिळाली नाही. शेवटी खाणावळीतल्या साळुंके नावाच्या माणसाला लुगडं नेसवलं. नाटकातही तीच रीत. बालगंधर्व पुरुषच, पण बाया त्यांचं पाहून नटायच्या!

त्याच साली फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमला मोहिनी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, लेकीला घेऊन नाटक कंपनीत पोट भरत होत्या. लोक बोललेच असतील.

मग बोलपट आला. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त संगीत नाटकातले गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचंच. मागून आवाज भरायची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यापुढेच गायचे, वाजवणारे आडोशाला बसायचे. आणि तारामती? दुर्गा खोटे, चांगल्या घरची सून.

पोरीची तालीम कधी आहे ते कळवा. घरच्यांशी बोलायला मीच येते.