शालेय नियतकालिकाचा विद्यार्थी-संपादक



स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की शाळाशाळांतून वार्षिक अंकाची लगबग सुरू होते. कोठे छापील अंक निघतो, कोठे हस्तलिखित, तर कोठे वऱ्हांड्यातील फळ्यावर भित्तिपत्रक लागते. अंकाच्या पहिल्या पानावर संपादक मंडळाची यादी असते आणि तीत दोन-तीन विद्यार्थ्यांची नावेही असतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी मजकूर मराठीचे शिक्षक निवडतात, शुद्धलेखन तेच तपासतात, शुभसंदेश कोणाचे घ्यावयाचे व छायाचित्रे कोणत्या क्रमाने छापावयाची हे मुख्याध्यापक आणि संस्थेचे पदाधिकारी ठरवितात. विद्यार्थी-संपादकाच्या वाट्याला सुवाच्य अक्षरात नक्कल करणे आणि प्रकाशन समारंभात अंकाचे तबक धरून उभे राहणे एवढेच येते. यात कोणाचा हेतू वाईट असतो असे नाही. अंक देखणा निघावा, त्यात चूक राहू नये, पाहुण्यांसमोर शाळेला कमीपणा येऊ नये, हीच कळकळ त्यामागे असते. परंतु संपादन म्हणजे मूलतः निवड होय, आणि निवडीची जबाबदारी ज्याच्याकडे नाही त्याला संपादक म्हणणे हा केवळ उपचार ठरतो.

ही जबाबदारी शाळकरी मुलांवर खरोखर सोपविली तर काय घडते, आणि सोपवून मग आयत्या वेळी काढून घेतली तर काय घडते, याची दोन उदाहरणे अमेरिकेतील आहेत. ती परदेशची असली तरी त्यांतील पेच येथील कोणत्याही मुख्याध्यापकाला परका वाटणार नाही.

मिसुरी राज्यात सेंट लुईस शहराजवळ हेझलवूड ईस्ट हायस्कूल ही शाळा आहे. तेथील पत्रकारितेच्या वर्गातील विद्यार्थी ‘स्पेक्ट्रम’ नावाचे वृत्तपत्र काढीत. साधारण तीन आठवड्यांनी एक अंक निघे, आणि १९८२-८३ या वर्षात त्याच्या साडेचार हजारांहून अधिक प्रती विद्यार्थी, शिक्षक व परिसरातील नागरिक यांच्या हाती गेल्या. छपाईचा बहुतेक भार शिक्षण मंडळ सोशीत असे. मे १९८३ मध्ये वर्षअखेरीचा सहा पानी अंक तयार झाला. वर्गाचे मूळ शिक्षक काही दिवसांपूर्वीच नोकरी सोडून गेले होते. नव्या शिक्षकांनी प्रथेप्रमाणे मुद्रिते मुख्याध्यापकांकडे पाठविली. त्यांत दोन लेख त्यांना खटकले. एक लेख शाळेतील तीन गर्भवती मुलींच्या अनुभवांचा होता, दुसरा आईवडिलांच्या घटस्फोटाचा मुलांवर होणाऱ्या परिणामांचा.

मुख्याध्यापकांचे आक्षेप पोकळ नव्हते हे प्रथम सांगितले पाहिजे. मुलींची नावे बदललेली असली तरी लेखातील तपशिलावरून त्या ओळखू येतील, अशी भीती त्यांना वाटली. दुसऱ्या लेखाच्या त्यांनी पाहिलेल्या मुद्रितात एका मुलीने नावानिशी आपल्या वडिलांवर टीका केली होती, आणि त्या वडिलांना आपली बाजू मांडण्याची संधी दिलेली नव्हती. कोणत्याही दक्ष संपादकाने हेच दोन प्रश्न विचारले असते. शैक्षणिक वर्ष संपत आले असून आता दुरुस्तीस अवधी उरलेला नाही, अशी मुख्याध्यापकांची समजूत झाली आणि त्यांनी ती दोन्ही पाने संपूर्णपणे वगळण्याचा आदेश दिला. त्या पानांवर इतरही लेख होते, ज्यांच्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता. तेही त्याबरोबर गेले. अंक चार पानांचा निघाला. ज्या विद्यार्थिनींनी तो संपादित केला होता त्यांना ही गोष्ट समजली ती अंक छापून हाती आल्यावर.

पुढे तीन विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. जिल्हा न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला, अपील न्यायालयाने विद्यार्थिनींच्या, आणि १३ जानेवारी १९८८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन अशा मताने पुन्हा शाळेच्या बाजूने. वर्गातील अभ्यासाचा भाग म्हणून निघणाऱ्या नियतकालिकावर वाजवी शैक्षणिक कारणासाठी शाळेला नियंत्रण ठेवता येईल, असा त्या निकालाचा आशय आहे. १९६९ साली याच न्यायालयाने, युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत आलेल्या मुलांचा हक्क मान्य केला होता. त्या मानाने हा निकाल शाळांच्या हाती बराच अधिकार देणारा ठरला.

कायद्याचा हा काथ्याकूट क्षणभर बाजूस ठेवला तरी शिक्षणाच्या दृष्टीने एक गोष्ट उरते. मुख्याध्यापकांनी मुलींना बोलावून ते दोन प्रश्न विचारले असते, तर त्या दुपारी त्यांनी संपादनकलेचा जो धडा घेतला असता तो वर्षभराच्या तासांत मिळाला नसता. कोणता तपशील गाळल्यास मुलगी ओळखू येणार नाही? वडिलांना विचारण्यासाठी कोणी जावयाचे, आणि त्यांनी बोलण्यास नकार दिला तर तसे लिहावयाचे की लेखच मागे ठेवावयाचा? आक्षेप विचारात घेण्याजोगे होते, पण ते मुलींपर्यंत पोहोचलेच नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचली ती फक्त गेलेली पाने.

या निकालानंतर अमेरिकेतील काही राज्यांनी विद्यार्थी-संपादकांना संरक्षण देणारे स्वतंत्र कायदे केले. कॅलिफोर्नियात तसा कायदा १९७७ पासूनच होता. कॅन्सास राज्याने १९९२ मध्ये केला. विद्यार्थी-नियतकालिकात काय यावे हे विद्यार्थी-संपादकांनी ठरवावे आणि केवळ विषय वादग्रस्त आहे एवढ्याच कारणावरून मजकूर दडपू नये, असे त्यात म्हटले आहे. त्याच वेळी बदनामीकारक किंवा अश्लील मजकुराला मोकळीक दिलेली नाही, आणि पत्रकारितेची शिस्त शिकविण्याचे काम सल्लागार शिक्षकाकडेच ठेवले आहे.

दुसरे उदाहरण याच कॅन्सास राज्यातले, कायद्यानंतर पंचवीस वर्षांनी घडलेले. राज्याच्या आग्नेय भागात पिट्सबर्ग नावाचे, सुमारे वीस हजार वस्तीचे गाव आहे. तेथील हायस्कूलचे विद्यार्थी ‘बूस्टर रिडक्स’ हे वृत्तपत्र काढतात. मार्च २०१७ मध्ये शिक्षण मंडळाने शाळेसाठी नव्या मुख्याध्यापिकेची निवड केली, आणि विद्यार्थ्यांनी त्यांचा परिचय करून देणारा लेख योजिला. आपल्याकडील वार्षिक अंकांत असे परिचयलेख पुष्कळ येतात. जन्म, शिक्षण, अनुभव, छंद, स्वागत, आणि खाली छायाचित्र. याही लेखाचे तेवढ्यावर भागले असते. परंतु परिचय लिहावयाचा तर शिक्षण कोठे झाले ते नीट लिहिले पाहिजे, म्हणून मुलांनी त्या विद्यापीठाची माहिती शोधण्यास आरंभ केला आणि ती जुळेना. ज्या संस्थेतून वरच्या पदव्या घेतल्याचे सांगण्यात आले होते तिला अधिकृत मान्यता असल्याचा पुरावा कोठे सापडेना.

येथून पुढे त्या संपादक मंडळाने जे केले ते मुद्दाम पाहण्यासारखे आहे. वृत्तपत्राच्या सल्लागार शिक्षिका मुख्याध्यापिकेच्या निवड समितीवर होत्या. ज्या निवडीत आपला हात होता त्या निवडीविषयीच्या बातमीला आपण मार्गदर्शन करणे योग्य नाही, असे ठरवून त्या या कामापुरत्या बाजूला झाल्या आणि राज्यातील शालेय पत्रकार संघटनेच्या अनुभवी मार्गदर्शकाने मुलांना साहाय्य केले. सहा विद्यार्थ्यांनी काम वाटून घेतले. सुटीचे दिवस असूनही फोनाफोनी चालू राहिली. त्या वेळी दुबईत असलेल्या नियोजित मुख्याध्यापिकेशी त्यांनी दूरध्वनीवरून बोलणे केले आणि आढळलेल्या विसंगतीविषयी त्यांनाच विचारले. मंडळाच्या अधीक्षकांशीही ते बोलले. उत्तरे मिळाली, पण समाधान झाले नाही. ३१ मार्च २०१७ रोजी लेख प्रसिद्ध झाला. आपल्या पदव्या खऱ्या आहेत असे मुख्याध्यापिकांचे म्हणणे होते, तरी ४ एप्रिल रोजी त्यांनी पदाचा राजीनामा दिला. वयस्क मंडळींच्या निवड समितीकडून जे निसटले ते अंगणातल्या मुलांनी पाहिले, असे म्हणून देशभर त्यांचे कौतुक झाले.

कौतुक रास्तच होते. मात्र या घटनेचा अर्थ ‘मुलांनी मुख्याध्यापिकेला घालविले’ असा लावला तर तिच्यातील मोलाचा भाग हातून निसटेल. राजीनामा हा परिणाम, आणि तो मुलांच्या हाती नव्हता. त्यांच्या हाती होती ती शहानिशा. पंधरा-सतरा वर्षांच्या मुलांना एखादी विसंगती सापडल्यावर ती तत्काळ गावभर सांगण्याचा मोह किती अनावर असतो, हे शिक्षकांना सांगावयास नको. तो मोह आवरून प्रथम ज्या व्यक्तीविषयी लिहावयाचे तिलाच विचारणे, कागद मागविणे, तिचे उत्तरही लेखात देणे, आणि हे सर्व करताना अंकाची तारीख सांभाळणे, यात नेतृत्वाची खरी कसोटी असते. सहा जणांतील एकाला घाई असते, दुसऱ्याला भीती असते, तिसऱ्याला सुंदर वाक्य गाळवत नाही. या सर्वांना एका मजकुरावर आणणारा विद्यार्थी जे शिकतो ते पुढे कचेरीत, सहकारी संस्थेत किंवा पंचायतीच्या बैठकीत त्याला उपयोगी पडते.

आपल्याकडे शालेय नियतकालिकांची परंपरा थोडीथोडकी नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली शिक्षक म्हणून आलेल्या साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ हे हस्तलिखित दैनिक चालविले आणि १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केले. दररोज हाताने एक अंक लिहून काढावयाचा म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी हस्तलिखित केले असेल त्यालाच कळेल. त्या दैनिकामागे गुरुजींची स्वतःची लेखणी होती, आणि त्या काळी वाट दाखविण्यासाठी ते योग्यही होते. शंभर वर्षांनंतर मात्र लेखणी मुलांकडे देण्यास हरकत नसावी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील तेराव्या अनुच्छेदाने मुलाला माहिती मिळविण्याचा व व्यक्त होण्याचा हक्क दिला असून, इतरांच्या प्रतिष्ठेचा मान राखण्याची मर्यादाही त्याच अनुच्छेदात घातली आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली.

यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. कार्डशीटचे चार ताव, खळ, आणि दर पंधरवड्याला बदलणारा फलक एवढ्यावर भित्तिपत्रक चालते. गरज असते ती विषयांची, आणि विषय शाळेच्या कुंपणाशीच असतात. सकाळची एस.टी. शाळेच्या वेळेआधी पोहोचते की नंतर, पोषण आहाराची चव व प्रमाण कसे आहे, पाण्याची टाकी शेवटची केव्हा धुतली, मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे की नाही, हे प्रश्न कवितांइतकेच अंकात शोभतात. (कवितांना अर्थातच बंदी नाही, पावसावरील कविता मात्र एका अंकात चारपेक्षा अधिक नसाव्यात असा नियम संपादकाने करावयास हरकत नाही.) असा प्रश्न घेऊन एखादी विद्यार्थिनी ग्रामपंचायतीच्या कार्यालयात आली, तर ‘तुला कोणी पाठविले?’ असे विचारण्याऐवजी सदस्यांनी व ग्रामसेवकांनी तिला नोंदवही दाखवावी आणि माहिती तारखेनिशी द्यावी. माहिती चुकीची छापली गेली तर खुलासा पाठवावा आणि तो पुढील पंधरवड्याच्या फलकावर त्याच जागी लागावा. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पाण्याच्या टाकीचा विषय कोणीतरी मांडणारच असतो. तो मुलांनी मांडला तर उत्तर सर्वांच्या डोळ्यांसमोर लागते आणि लोकांना ते वाचता येते.

शिक्षकांचे काम यामुळे हलके होत नाही, उलट वाढते. मजकूर आपणच सुधारून देणे सोपे असते. ‘हे वाक्य कोणाच्या सांगण्यावरून लिहिले?’ असे विचारून मुलाला पुन्हा धाडणे अवघड असते, कारण त्यात दोन दिवस मोडतात आणि अंक लांबतो. मुख्याध्यापकांना मजकूर खटकला तर त्यांनी कारण लेखी द्यावे आणि संपादकाला दुरुस्तीची एक संधी द्यावी. कोणाची ओळख उघड होत असेल, कोणाची बदनामी होत असेल किंवा घरगुती दुःख चव्हाट्यावर येत असेल, तर मजकूर थांबविणे हे त्यांचे कर्तव्यच आहे. परंतु प्रश्न अडचणीचा आहे, किंवा गावातील वजनदार व्यक्तीला आवडणार नाही, हे कारण त्या लेखी कागदावर लिहिताना लेखणी थोडी अडखळेल, आणि ती अडखळावी यासाठीच तो कागद.

ज्या शाळांनी या वर्षी प्रारंभ करावयाचे ठरविले असेल त्यांनी पहिल्या दिवसापासून एक शंभर पानी वही संपादकाच्या नावे ठेवावी. कोणती बातमी कोणी आणली, कोणाला विचारले, काय उत्तर मिळाले, काय गाळले व का, हे तीत तारखेनिशी लिहावे. दहावीचा संपादक वर्षाच्या अखेरीकडे परीक्षेच्या तयारीला लागतो. जूनमध्ये शाळा उघडल्यावर नवव्या इयत्तेतून आलेला नवा संपादक तीच वही उघडून गेल्या वर्षीची अनुत्तरित राहिलेली पत्रे पाहतो, आणि पहिल्या अंकासाठी त्यांतले एखादे पुन्हा पाठवितो.