गावाकडची बातमी आणि ग्रंथालय

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, त्या दिवसांतील एक रात्र आमच्या घरात कोणीही विसरलेले नाही. 'कोयना धरण फुटले' असा निरोप मोबाईलवर येऊन थडकला. सोबत कोसळत्या भिंतीचे छायाचित्र. आमच्या वहिनींचे माहेर सांगलीचे. आईवडिलांचा फोन लागेना. शेजारच्या काकीमांनी आणलेला चहा तसाच निवून गेला.

अखेर पुतण्याने आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचा वृत्तसंग्रह उघडला. यालाच आता डेटाबेस म्हणतात. ग्रंथालय वर्षाची वर्गणी भरते आणि विद्यार्थ्याला अनेक वृत्तपत्रांतील मजकूर घरबसल्या शोधता येतो. त्याने गावाचे व धरणाचे नाव घातले, मुदत शेवटच्या तीन दिवसांपुरती आखली आणि वृत्त कोठून पाठविले आहे ते पाहत गेला. धरणातून पाणी सोडले होते, आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती. मात्र धरण फुटल्याची ओळ एकाही वृत्तपत्रात नव्हती. दिलासा अर्धाच, कारण पूर खराच होता. परंतु खरे काय ते कळताच वहिनी डोळे पुसून मदतकेंद्रांचे क्रमांक उतरवू लागल्या.

या शोधात एक अडचण हमखास येते, ती नावांची. औरंगाबादचे २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव, पुढे अहमदनगरचे अहिल्यानगर. आपले हे शहरसुद्धा २००१ पर्यंत इंग्रजीत 'कॅलकटा' होते. यंत्र बिचारे दिलेल्या अक्षरांनाच जागते. म्हणून दोन्ही नावांनी, आणि इंग्रजीत तर दोन-तीन स्पेलिंगांनी शोधावे.

दुसरी उणीव अधिक बोचणारी. अशा संग्रहांत इंग्रजी वृत्तपत्रांचा भरणा, मराठी जवळजवळ नाहीच. तेथे आपल्याला अलिपूरच गाठावे लागते. ग्रंथ पाठविण्याचा कायदा १९५४ चा. १९५६ मध्ये त्यात वृत्तपत्रेही आली. तेव्हापासून भारतात निघणाऱ्या प्रत्येक वृत्तपत्राचा अंक आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे पाठविणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. सर्वच प्रकाशक ते पाळतात असे नाही. तरीही सांगलीचे किंवा नागपूरचे वृत्तपत्र कायद्याने ज्या मोजक्या ठिकाणी पोहोचायला हवे, त्यांतील एक ठिकाण आपल्या बसच्या रस्त्यावर आहे! आम्ही कितीजण तेथे पायरी चढलो?

याच बंगालभूमीत वाढलेले सखाराम गणेश देऊस्कर आम्हांस येथे आठवतात. 'हितवादी'चे हे मराठी संपादक. १९०४ च्या 'देशेर कथा' या बंगाली ग्रंथात त्यांनी देशाच्या दैन्याची कहाणी मांडली ती सरकारी अहवालांतील आकड्यांच्या आधारे. १९१० साली सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. आकडे सरकारचेच होते, हे विशेष.

तेव्हा एक विनंती. येत्या पावसाळ्यापूर्वी एका रविवारी मंडळाच्या खोलीत आम्ही काहीजण हा शोध प्रत्यक्ष करून दाखविणार आहोत. ज्यांची मुले महाविद्यालयात आहेत त्यांनी त्यांना घेऊन यावे. ग्रंथालयाचा परवलीचा शब्द त्यांच्याचपाशी असतो. आणि येताना आपल्या गावाचे, तालुक्याचे व नदीचे नाव, जुने-नवे दोन्ही, कागदावर लिहून आणावे.