पिंपातला पाऊस

श्रोतेहो, महिना पावसाचा आणि बोलणारा कवी, म्हणजे आता ढग, मोर आणि विरह येणार अशी तुमची समजूत झाली असेल. तसं काही नाही. मी आज एका प्लॅस्टिकच्या पिंपाविषयी बोलणार आहे. दोनशे लिटरचं निळं पिंप. त्यात पावसाचं पाणी साठवायचं आणि ते घरातल्या माशांच्या काचपेटीला वापरायचं, एवढाच विषय. मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. रसायनशास्त्राशी माझी ओळख शाळेपुरती. पण मासे पाळले की पाण्याचा अभ्यास करावाच लागतो, कारण मासा पाण्यातच जेवतो, पाण्यातच श्वास घेतो आणि बाकीचं सगळंही पाण्यातच करतो.

शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी असा धडा शिकलो. साबणाला फेस येत नाही ते दुष्फेन. आमच्या सोलापुरात तो धडा पाठ करावा लागत नाही, बोअरच्या पाण्यानं अंघोळ केली की पुरे. काळ्या कातळाच्या फटींतून मुरत येताना पाणी चुना आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. बादलीला पांढरा थर, नळाच्या तोंडाशी पांढरी दाढी. पाण्यातले क्षार मोजायचं टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतं. आमच्या बोअरच्या पाण्यात ते बुडवलं की आकडा हजाराच्या घरात जातो. पावसाच्या पाण्यात वीससुद्धा होत नाही. आभाळातून पडणारं पाणी म्हणजे निसर्गानं काढलेला अर्कच की! समुद्राचं मीठ समुद्रात राहिलं, वर गेली ती नुसती वाफ.

आता माशांकडे वळू. गप्पी मासा आपल्याला डास खाणारा म्हणून ठाऊक आहे. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ हे भिंतीवर वाचतच आपण मोठे झालो. त्याला आणि त्याचा भाऊबंद मोलीला जड पाणी चालतं, किंबहुना मानवतं. पण निळ्या-लाल पट्ट्याचा निऑन टेट्रा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथल्या ओढ्यांत क्षार जवळजवळ नसतातच. दुकानात येतात ते बहुतेक टाक्यांत वाढवलेले, म्हणून थोडंफार सोसतात. पण हजार क्षारांच्या पाण्यात एकदम सोडले, तर त्यांनी जगावं तरी कसं?

आमच्या गल्लीत एक मुलगा आहे, आठवीतला. वडील रिक्षा चालवतात. ईदीचे पैसे साठवून त्यानं दहा निऑन आणले. आठवड्यात सात गेले. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “चाचा, पाणी तर एकदम साफ दिसतंय. मग मरतात का?” पाणी साफच होतं. साफ आणि सोसवणारं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आठवीतल्या पोरानं कुठून ओळखावं? उरलेल्या तिघांसाठी आम्ही पावसाची वाट पाहू लागलो.

पहिला पाऊस घ्यायचा नाही, हे आधी सांगतो. वळवाचा पाऊस हवेतली सगळी धूळ, धूर खाली आणतो आणि छपरावरची कबुतरांची विष्ठा धुऊन काढतो. मृग लागून दोन-चार चांगल्या सरी होऊन जाऊ द्याव्यात. नंतरसुद्धा प्रत्येक पावसाची पहिली दहा-पंधरा मिनिटं सोडून द्यावीत. सिमेंटच्या गच्चीवरून येणारं पाणी थोडा चुना घेऊन येतं, त्यानं फारसं बिघडत नाही. पण गळती थांबवायला गच्चीला नुकतंच डांबर किंवा एखादं रसायन फासलं असेल, तर ते पाणी माशांना नको. पत्र्यावरच्या पाण्यात जस्त उतरतं. आणि एक खास आपल्या घरांसाठी : तांब्याचा हंडा, तांब्याचा बंब इथे वापरू नये. तांब्यातलं पाणी माणसाला चांगलं म्हणतात, माशाच्या कल्ल्यांना ते विष आहे. त्यातही मऊ पाण्यात तांबं आणि जस्त जास्त बाधतं, कारण जड पाण्यातला चुना जो आडोसा देतो तो तिथे नसतो.

आम्ही गच्चीवर स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद चार कोपऱ्यांना बांधला, मधे भोक पाडून शेजारी एक धुतलेला दगड ठेवला आणि खाली पिंप. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचा कागद दोन मीटर बाय दोन मीटर. दहा मिलिमीटर पाऊस झाला की चाळीस लिटर. सोलापूरचा पाऊस तसा हात राखूनच पडतो, पण सप्टेंबरात तो उदार होतो. महिनाअखेर पिंप काठोकाठ भरलं.

पिंपाला घट्ट झाकण हवं, झाकणाखाली पातळ फडकं हवं. डेंग्यूच्या डासाला असं स्वच्छ, निवांत पाणी फार आवडतं. आरोग्य खात्याची माणसं येऊन पिंपात औषध टाकून गेली असतील, तर ते पाणी झाडांना द्यावं. उन्हात ठेवू नये, शेवाळ धरतं.

आता खरी गोम. इतकं शुद्ध पाणी मिळालं म्हणून पेटीत तेच भरायचं का? मुळीच नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, पेटीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि या कामात आम्ल सुटतं. बोअरच्या पाण्यातली कार्बोनेटं ते आम्ल पचवतात. नुसत्या पावसाच्या पाण्यात ती नसतात. मग पाणी दिवसागणिक आंबट होत जातं, एका मर्यादेनंतर जिवाणूही हात टेकतात आणि पेटी एका रात्रीत बसते. शिवाय गोड्या पाण्यातल्या माशाचं अंग पाण्यापेक्षा खारट असतं, त्यामुळे पाणी सारखं आत झिरपतं आणि तो ते बाहेर टाकत असतो. पाणी एकदम बदललं की त्याचा हा तोल जातो. म्हणून निम्मं बोअरचं, निम्मं पावसाचं, आणि तेही आठवड्याला पेटीच्या पाचव्या हिश्शाइतकंच. दोन फुटी पेटीत साधारण साठ लिटर पाणी मावतं. म्हणजे बदलायचं बारा, त्यात पावसाचं सहा. दोनशे लिटरचं पिंप तेहतीस आठवडे पुरतं. सप्टेंबरअखेरीपासून मोजा, मेच्या मध्यापर्यंत.

मुलाची आई मात्र पिंपाकडे पाहून चिडायची. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. नळाला रोज पाणी नाही, बायका हंडे घेऊन टँकरमागे धावतात आणि आम्ही चाचा-भतीजे माशांसाठी पाणी साठवतो! मी सांगायचो, हे कुणाच्या हंड्यातलं नाही, गटारात जाणारं होतं. पेटीतून काढलेलं पाणी तिच्याच कढीपत्त्याला जातं, झाड बघा कसं तरारलंय. ती म्हणायची, “भाईजान, कढीपत्त्यानं पोट भरतं का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डिसेंबरात एकदा नळाला पाणी आलं नाही आणि बोअरची मोटर जळाली. तिनं पिंपातलं तांब्याभर पाणी घेऊन कुकरमध्ये तूरडाळ लावली. जड पाण्यात आमच्याकडे डाळ शिजता शिजत नाही, शिट्टीवर शिट्टी होते तरी दाणा वेगळाच. त्या दिवशी नेहमीच्या निम्म्या शिट्ट्यांत डाळ लोण्यासारखी झाली. तेव्हापासून पिंपातलं पाणी भराभर कमी होऊ लागलं. मुलगा तक्रार घेऊन माझ्याकडे आला. आम्ही पिंपावर खडूनं रेघ मारली : रेघेच्या वरचं डाळीला, खालचं माशांना. निऑन तिन्ही आहेत. यंदा मृगाच्या आधीच त्या माउलीनं स्वतः दुसरं पिंप विकत आणलं, आणि ते आमच्या पिंपाच्या आधी कागदाखाली सरकवून ठेवलं.